मदत हवी आहे: आई-बाबांना घेऊन हेस्टिंग्जची लढाई बघायची आहे

मंडळी, ऑक्टोबरात आई-बाबा पुण्याहून आमच्याकडे लंडनला येतायत. १४ ऑक्टोबर १०६६ ची हेस्टिंग्जची लढाई बॅटल गावात, मठाशेजारच्या माळावर पुन्हा लढून दाखवतात, तिथे त्यांना न्यायचा बेत आहे. (नाव हेस्टिंग्जचं, लढाई झाली तिथून दहाएक किलोमीटरवर. त्या गावाचं नावच मग ‘लढाई’ पडलं!)

बाबांना पानिपत तोंडपाठ. इंग्लंडचा राजा हॅरॉल्ड याचे लोक टेकडीवर ढालीला ढाल भिडवून उभे होते, फ्रान्सहून चालून आलेले नॉर्मन पळतायत असं वाटून खाली धावले आणि कापले गेले, हे सांगितलं तर म्हणाले, “अरे, हा तर गनिमी कावा!” तेव्हापासून रोज विचारतायत, तिकिटं काढलीस का.

प्रश्न आईचा आहे. तिचे गुडघे दुखतात. मागच्या वेळी आम्ही गेलो तेव्हा आदल्या रात्री पाऊस पडला होता. बाबागाडीची चाकं गाळात रुतली आणि ढाली आपटायला लागल्या तशी आमची लेक चिमणी जी रडायला लागली, ती घोडे येईपर्यंत थांबली नाही. अर्धी लढाई मी तिचे कान झाकून पाहिली.

कुणी ज्येष्ठांना घेऊन गेलंय का? चेरिंग क्रॉसहून थेट गाडी आहे, पण स्टेशनपासूनची चाल आईला झेपेल का, की कारच बरी? घडीच्या खुर्च्या दोरीजवळ लावू देतात का? आणि तिचा शनिवारचा उपास असतो. साबुदाण्याचा डबा आत नेता येतो ना?