नवे भिडू, कोरडी सुरुवात : हंगामाच्या आरंभी गोल का आटतात? (अनुभव धागा)

संयोजक, धंतोली :
नागपुरात जिल्हा फुटबॉल लीगचे सामने सुरू झाले की कामठीपासून मोतीबागेपर्यंत एकच तक्रार कानावर येते. चेंडू बहुतेक वेळ आपल्याच पायाशी असतो, डीपर्यंत, म्हणजे गोलसमोरच्या चौकटीपर्यंत पोहोचतोही, पण जाळ्यात जात नाही. ज्या संघांनी हंगामाआधी आघाडीच्या फळीत नवे खेळाडू घेतले असतील, त्यांच्याकडे ही तक्रार जास्त असते आणि नेमक्या त्यांच्याकडूनच लोकांच्या अपेक्षाही जास्त असतात. आपण खेळाडू असाल, प्रशिक्षक असाल किंवा घरी बसून युरोपातले सामने पाहणारे असाल. असा काळ जवळून पाहिला असेल, तर अवश्य लिहावे. नेमके काय अडत होते आणि ते कशाने सुटले, किंवा सुटलेच नाही, एवढेच हवे आहे. नशीब आणि पंच या दोघांना कृपया रजा द्यावी.

प्रशिक्षक, कामठी :
आमच्या संघात गेल्या हंगामात चंद्रपूरकडचा एक स्ट्रायकर आला. उंच, वेगवान आणि हवेतल्या चेंडूवर हुकमी. त्याच्या जुन्या संघात चेंडू ताब्यात आला रे आला की मागून लांब फटका यायचा, आणि तो त्याच क्षणी धाव घ्यायचा. आमचा मधल्या फळीतला खेळाडू मात्र चेंडू आधी थांबवतो, मान वर करतो, एकदा उजवीकडे पाहतो आणि मग थ्रू पास, म्हणजे बचावपटूंच्या मधून पुढे सरकवलेला पास देतो. या दोघांच्या सवयींत जेमतेम एका सेकंदाचे अंतर होते. पण तेवढ्यात, म्हणजे पास सुटण्याआधीच, नवा खेळाडू शेवटच्या बचावपटूच्या पुढे निघून गेलेला असे आणि ऑफसाइड म्हणून साहाय्यक पंचाचा झेंडा वर जाई. बाहेरून पाहणाऱ्यांना वाटे की याला ऑफसाइडचा नियमच कळत नाही. कामठीचा प्रेक्षक जाणकार आहे, दयाळू मात्र नाही. दुसऱ्याच सामन्यात कठड्यावरून ‘याला बसवा’ सुरू झाले.

सरावात आम्ही बचावपटू काढूनच टाकले. मधला खेळाडू, उजवा विंगर (कडेने खेळणारा आघाडीपटू) आणि हा, असे तिघेच मैदानावर. मधल्याने दुसऱ्या स्पर्शाला चेंडू सोडायचाच, आणि स्ट्रायकरने सरळ पुढे न धावता आधी बचावफळीला समांतर, आडवे धावून मग आत वळायचे. आडव्या धावेचा फायदा असा की पास थोडा उशिरा आला तरी खेळाडू रेषेच्या अलीकडेच असतो. गोल लगेच झाले नाहीत. आधी झेंडे कमी झाले, मग गोलवरचे फटके वाढले. त्याचा पहिला गोल अखेर कॉर्नरवरून, डोक्याने झाला. या साऱ्या सरावाशी त्याचा काडीचाही संबंध नव्हता.

महाविद्यालयीन संघाचा गोलरक्षक, सक्करदरा :
मागे उभे राहून मला सगळे दिसते, म्हणून लिहितो. नवे तिघे आले तेव्हा तिघांनाही स्वतःला सिद्ध करायचे होते, त्यामुळे तिघेही डीच्या तोंडाशी एका रेषेत उभे राहत. चेंडू घ्यायला मागे कोणी येत नसे. समोरच्या दोन बचावपटूंना तिघांवर एकाच वेळी नजर ठेवता येई, इतके ते सोपे झाले होते.

लिव्हरपूलचा चाहता, लक्ष्मीनगर :
स्थानिक अनुभव माझ्याकडे नाही. पण २०२५ चा हंगाम मी अगदी बारकाईने पाहिला. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये इंग्लंडमधला दुपारी तीनचा सामना आपल्याकडे संध्याकाळी साडेसातला लागतो, त्यामुळे घरच्यांचा रोषही फारसा पत्करावा लागत नाही. त्या उन्हाळ्यात संघाने व्हिर्ट्झ, एकिटिके, फ्रिम्पाँग, केर्केझ आणि अगदी शेवटच्या दिवशी, १ सप्टेंबरला, ब्रिटनमधल्या विक्रमी किमतीला इसाक असे खेळाडू घेतले. त्याच वेळी डियाझ आणि नुन्येझ गेले, उजव्या बाजूचा बचावपटू अलेक्झांडर-अर्नॉल्ड रेआल माद्रिदला गेला आणि जुलैमध्ये जोटाचा अपघाती मृत्यू झाला. लीगमधले पहिले पाचही सामने संघाने जिंकले, म्हणून बाहेरून सगळे सुरळीत वाटत होते. पण त्यांतले बरेच विजय शेवटच्या काही मिनिटांतल्या गोलांवर मिळालेले होते. पुढे क्रिस्टल पॅलेस, चेल्सी, मँचेस्टर युनायटेड आणि ब्रेंटफर्ड असे लीगमधले चार सामने लागोपाठ गमावले.

मला त्यात लक्षणीय वाटली ती एकिटिके आणि इसाक यांची तुलना. एकिटिके जुलैमध्ये आला, हंगामपूर्व सराव संघाबरोबर केला आणि पहिल्याच लीग सामन्यात त्याने गोल केला. इसाक आला तो जुन्या क्लबशी चाललेल्या ओढाताणीत संघाबाहेर एकटाच सराव करून. लिव्हरपूलसाठी लीगमधला त्याचा पहिला गोल उजाडला तो ३० नोव्हेंबरला, वेस्ट हॅमविरुद्ध. दोघेही अव्वल दर्जाचे खेळाडू. फरक होता तो सहकाऱ्यांबरोबर घालवलेल्या दिवसांचा. आणखी एक गोष्ट म्हणजे उजव्या कडेचा जुना आघाडीपटू सालाह याचे गोल आटले, तेव्हा लोक त्याचे वय मोजत राहिले. त्याच्या मागून वर्षानुवर्षे येणारा अलेक्झांडर-अर्नॉल्डचा पास बंद झाला आहे, हे फार थोड्यांनी मोजले.

नोकरीनिमित्त कोल्हापूरहून आलेला मध्यरक्षक, मानेवाडा :
मी स्वतःच तो ‘नवा खेळाडू’ आहे, म्हणून दुसरी बाजू मांडतो. कोल्हापुरात पेठेतल्या तालमीच्या संघात लहानपणापासूनची मुले एकत्र खेळतात. डाव्या बाजूचा मित्र खांदा कसा वळवतो, यावरून तो चेंडू पायात मागतो आहे की पुढे, हे मला न पाहता कळायचे. इथे आलो तेव्हा पासची ताकद, दिशा सगळे तेच होते. तरी दुसऱ्याच्या दुचाकीवर बसल्यावर क्लच भलत्याच ठिकाणी धरतो, तसे सुरुवातीचे आठवडे गेले. विंगरच्या पुढे टाकलेला चेंडू सरळ बाहेर जाई आणि तो माझ्याकडे पाहून हात पसरे. प्रेक्षकांना चूक माझी वाटे, त्याला माझी वाटे. मला ती त्याची वाटे. एका सरावानंतर आमच्या कर्णधारदादांनी आम्हा दोघांना चहाच्या टपरीवर बसवले आणि चेंडू कुठे हवा, एवढेच एकमेकांना सांगायला लावले. विंगरचे उत्तर अनपेक्षित होते : त्याला चेंडू पुढे नकोच होता, कारण जुन्या दुखापतीमुळे तो पहिली पाच पावले जोरात टाकायला बिचकत असे. हे संघात सर्वांना ठाऊक होते. नव्या माणसाला सांगायचे मात्र कोणालाच सुचले नव्हते.

मुलींच्या संघाच्या प्रशिक्षक, कोराडी रस्ता :
नागपुरात छोट्या मैदानाच्या फुटबॉलची परंपरा आहे. हिस्लॉप महाविद्यालयातले क्रीडाशिक्षक विजय बारसे सरांनी २००१ मध्ये वस्तीतल्या मुलांना घेऊन जे काम सुरू केले, त्यामुळे चार-चार खेळाडूंचा, कडेला फळ्या असलेल्या लहान कोर्टावरचा खेळ इथल्या कितीतरी मुलामुलींना आधी येतो आणि अकरा जणांचा नंतर. अशा दोन मुली आमच्या संघात आल्या. दोघींचे चेंडूवरचे नियंत्रण इतके सुरेख, की तीन जणींच्या घोळक्यातून त्या सहज बाहेर पडत. पण गोल होईनात. बारकाईने पाहिल्यावर असे दिसले की त्या डाव्या-उजव्या कडेला कधी जातच नाहीत. लहान कोर्टावर गोलपोस्ट नेहमी समोर आणि जवळ असतो, त्यामुळे खेळ मधोमधच चालतो. त्या मधोमध घुसत, त्यांच्यामागे प्रतिस्पर्धी घुसत, आणि आमच्या दोन्ही विंगर मोकळ्या उभ्या राहून नुसत्या हाका मारत.

त्यांचे ड्रिब्लिंग थांबवू नका, असे मी सहप्रशिक्षकांना निक्षून सांगितले, कारण तेच त्यांचे बळ होते. उलट त्यांना घोळक्यात घुसूच दिले आणि चौथी खेळाडू अंगावर आली की चेंडू न पाहता कडेला मारायचा, एवढी एकच सवय लावली. यामुळे आमचे कडेवरून येणारे क्रॉस वाढले. ते क्रॉस डोक्याने खेळायला कोणी नाही, हा पुढचा प्रश्न. तो अजून सुटलेला नाही.

संयोजक :
मैदानाच्या अवस्थेचा उल्लेख अद्याप कोणी केला नाही, याचे आश्चर्य वाटते.

निवृत्त खेळाडू, अजनी :
मी करतो. आपली काळी माती ओली असली की स्टडला चिकटते आणि वाळली की भेगाळते. पावसाळा सरताना मैदानाचा एक कोपरा लोण्यासारखा मऊ आणि दुसरा खडबडीत असतो. नव्या खेळाडूला कुठे चेंडू उसळेल ते ठाऊक नसते. जुन्याला प्रत्येक खड्डा पाठ असतो. यापलीकडे सांगण्यासारखे फार नाही.

क्रीडा आकडेवारीचा अभ्यासक, प्रतापनगर :
सर्व दोष जुळवणुकीला द्यायचा हे मला पटत नाही. चेल्सीने २०२२-२३ मध्ये खेळाडू-खरेदीच्या दोन्ही मुदतींत (ट्रान्सफर विंडो) पाण्यासारखा पैसा खर्च करून खेळाडू घेतले. एकट्या एन्झो फर्नांडेझवर दहा कोटी पौंडांहून अधिक गेले. टुखेल, पॉटर, लॅम्पार्ड असे प्रशिक्षक बदलले. हंगाम संपला तेव्हा ३८ सामन्यांत ३८ गोल आणि बारावे स्थान, असा हिशेब निघाला. तिथे प्रश्न सुरुवातीचा नव्हताच. वर्षभर आघाडीची फळीच कधी ठरली नाही.

दुसरे उदाहरण स्ट्रायकर हॉयलुंडचे. २०२३ मध्ये मँचेस्टर युनायटेडकडून चॅम्पियन्स लीगच्या गटसाखळीत त्याने पाच गोल केले, पण त्याच काळात प्रीमियर लीगमध्ये एकही नाही; तिथला पहिला गोल २६ डिसेंबरला अ‍ॅस्टन व्हिलाविरुद्ध झाला. खेळाडू तोच, सहकारी तेच, महिने तेच. म्हणजे समोरचा संघ किती जागा सोडतो, हाही मुद्दा आहे. याउलट थिएरी आँरी १९९९ मध्ये युव्हेंटसहून आर्सेनलमध्ये आला. प्रशिक्षक वेंगर यांनी त्याला कडेवरून मध्यभागी आणले, पहिल्या आठ सामन्यांत गोल नाही आणि हंगामाअखेर २६ गोल. तिथे थांबण्याचा निर्णय योग्य ठरला. परंतु प्रत्येक कोरड्या स्ट्रायकरच्या समर्थनार्थ आँरीचे नाव घेणाऱ्यांनी, न जमलेल्यांची नावे कोणी लक्षात ठेवत नाही, हेही ध्यानात घ्यावे.

माजी कर्णधार, मोमिनपुरा :
एक विषय सर्वांनी टाळला आहे. मोहल्ल्याची मुले वर्षानुवर्षे क्लबसाठी फुकट खेळतात, आणि बाहेरून आलेल्याला दर सामन्याचे पैसे मिळतात. ही गोष्ट ड्रेसिंग रूममध्ये कोणी उच्चारत नाही, पण मैदानावर ती दिसते. ज्या क्लबमध्ये मी काही काळ होतो, तिथे नवा स्ट्रायकर मोकळा उभा असताना चेंडू कडेच्या जुन्या मित्राकडे जाताना मी अनेकदा पाहिला. कोणी ठरवून करत होते असे मी म्हणणार नाही. घाईत माणूस ओळखीच्या चेहऱ्याकडेच पास देतो. व्यवस्थापनाने यावर भाषण दिले आणि त्याने प्रकरण अधिकच चिघळले. पुढे एका थोरल्या खेळाडूने स्वतःकडच्या पेनल्टी नव्या मुलाला देऊन टाकल्या. त्याने पहिली पेनल्टी मारली, धावत जाऊन आधी त्या थोरल्याला मिठी मारली, आणि उत्तरार्धात त्याच्याकडे चेंडू येऊ लागले.

संयोजक :
कामठीच्या सरांना एक प्रश्न. नवे तीन-चार जण एकदम उतरवावेत की एकेक?

प्रशिक्षक, कामठी :
पुढच्या फळीत एका वेळी एकच, आणि त्याच्या मागे व बाजूला जुने, असे मी करतो. बचावात दोन एकदम चालतात, कारण तिथले काम बरेचसे आवाजावर चालते आणि गोलरक्षक मागून ओरडत असतो. पण हे खेळाडूंची निवड आपल्या हातात असेल तेव्हाचे. यंदा आमचे दोन्ही जुने विंगर पोलीस भरतीच्या तयारीला लागले आहेत, त्यामुळे पहिल्या सामन्यात पुढचे तिघेही नवेच असतील.