नर नाही, तरी कॉकटील मादीने ३ अंडी घातली. काढून टाकू का?

नेरुळ_पूर्व
कॉकटील म्हणजे तुरेवाला छोटा पोपट, त्याची ल्युटिनो (पिवळट-पांढऱ्या रंगाची) मादी, वय २ वर्षं, एकटीच. नर कधीच नव्हता. सोफ्यामागच्या फटीत शुक्रवारी पहिलं अंडं दिसलं, रविवारी दुसरं, आज मंगळवारी तिसरं. वजन ९४ ग्रॅम. खाणं चालू आहे, मिक्स दाणा आणि कोथिंबीर. विष्ठा मात्र एकदम मोठी आणि घाण वासाची झाली आहे. फार लाडकी आहे, पाठीवरून हात फिरवला की अंग चोरून खाली बसते, शेपटी वर करते आणि बारीक आवाज काढत राहते. पिंजरा हॉलमध्ये टीव्हीशेजारी, दिवे साडेअकराला बंद होतात. दुकानदार म्हणतो जोडीला नर आणा. अंडी उचलून फेकावीत की ठेवावीत?

कलगीतुरा
फेकू नका, ही सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. कॉकटील मादी घरट्यातली अंडी पुरेशी झाली की थांबते. तुम्ही उचलत गेलात की तिच्या लेखी घरटं रिकामंच, मग ती भरपाई करत सुटते. साधारण दिवसाआड एक अशी ४ ते ६ अंडी होतील. नर नसल्यामुळे त्यांतून पिल्लं निघणार नाहीत, बसू दे तिला.

मोठ्या विष्ठेची काळजी नको. बैठक मारलेली मादी तासन् तास विष्ठा धरून ठेवते आणि एकदम टाकते, म्हणून आकार आणि वास.

आता कारण. तुम्ही जे लिहिलंय, अंग चोरून बसणं आणि शेपटी वर करणं, ते नराला दिलेलं आमंत्रण आहे. पाठ, पंखांखाली, शेपटीचा बुडखा इथे हात फिरवला की तिच्या शरीराला जोडीदार मिळाल्याचा निरोप जातो. लाड बंद करू नका, जागा बदला. फक्त डोकं, गाल आणि मान. तुऱ्यामागची नवी पिसं अजून पांढऱ्या आवरणात असतात, ती नखाने हलकेच मोकळी करून दिलीत तर ती डोळे मिटून उभी राहील. तेवढं प्रेम तिला पुरतं. तरीही ती वाकून बसली, तर न रागावता दांडीवर ठेवा आणि ५ मिनिटं दुसऱ्या कामाला लागा.

दुसरं कारण उजेड. साडेअकरापर्यंत ट्यूबलाइट म्हणजे तिच्यासाठी १६ तासांचा दिवस, आणि लांब दिवस म्हणजे विणीचा हंगाम. संध्याकाळी साडेसातला पिंजरा आतल्या खोलीत न्या, १२ तास अंधार आणि शांतता द्या. पण मिट्ट काळोख नको. कॉकटील, त्यातही ल्युटिनो, रात्री दचकून पिंजऱ्यात धडाधड आपटतात आणि पिसं मोडून घेतात. कापडाची एक बाजू उघडी आणि पॅसेजमध्ये झिरोचा बल्ब, एवढं ठेवा.

नर अजिबात आणू नका. अंडी थांबणार नाहीत, फक्त फलित होतील.

दाणापाणी_खारघर
वरच्या सगळ्याला दुजोरा, पण मला जास्त भीती तिच्या खाण्याची वाटते. एकेका कवचासाठी ती स्वतःच्या हाडांतलं कॅल्शियम काढते आणि मिक्स दाण्यात ते जवळपास नसतंच. आजच समुद्रफेस (कटलबोन) आणा. कडक बाजू जाळीकडे, मऊ खडूसारखी बाजू तिच्याकडे. सोबत कोंबडीच्या अंड्याची कवचं १० मिनिटं उकळा, वाळवा, मिक्सरमध्ये रव्याइतकी जाड काढा आणि वेगळ्या वाटीत चिमूटभर ठेवा. कॅल्शियमची पावडर पाण्यात टाकतात बरेच जण, ती तळाशी बसते, पोटात काहीच जात नाही.

पाल्यात शेवगा आणि मेथी. पालक आत्ता नको, त्यातलं ऑक्झॅलिक ॲसिड कॅल्शियम बांधून ठेवतं. किसलेलं गाजर किंवा लाल भोपळा अ जीवनसत्त्वासाठी. पावसाळी हवेत ओला पाला २ तासांत उचला.

कॅल्शियम अंगी लागायला ड३ जीवनसत्त्व लागतं, आणि काचेतून आलेल्या उन्हाने ते तयार होत नाही. सकाळी १५-२० मिनिटं पिंजरा ग्रिलमध्ये, अर्धा सावलीत. पिंजऱ्याला कडी घाला, कावळे येतात. ऊन आठ-आठ दिवस दिसत नसेल तर ड३चे थेंब डॉक्टरांना विचारूनच द्या, जास्त झालं की मूत्रपिंडं बिघडतात.

नेरुळ_पूर्व
आभारी आहे. सोफ्यामागेच राहू देऊ का? आणि दाण्यात पोरकिडे झाले आहेत, चालेल का?

कलगीतुरा
सोफा कोणी सरकवला तर संपलं. अंडी पिंजऱ्याच्या तळाशी उथळ, उघड्या डब्यात ठेवा, खाली टिश्यूचे थर. टॉवेल नको, धाग्यात नख अडकतं. झाकणवाली पेटी मुळीच नको, ती पुढच्या खेपेचं निमंत्रण ठरते. मग सोफ्याची फट, ड्रॉवर, पलंगाखालचा कोपरा, सगळं बंद करा. आरसा असेल तर काढा.

पोरकिडे चाळून निघतात, पण कुबट वास असेल तर सगळा दाणा टाका, बुरशी पक्ष्याच्या फुफ्फुसात जाते. इथल्या हवेत अर्धा किलोपेक्षा जास्त भरूच नका, आणि तो फ्रीजमध्ये हवाबंद.

ठाणे_पश्चिम
एक गोष्ट राहिली: अंडं अडकणं. ती पिसं फुगवून तळाशी पाय फाकून बसली, श्वासागणिक शेपटी वरखाली होतेय, कुंथतेय पण काही येत नाही, किंवा एक पाय ओढतेय (आतलं अंडं नसेवर दाबतं), तर सकाळची वाट पाहू नका. खोक्यात एका बाजूला टॉवेलात गुंडाळलेली गरम पाण्याची बाटली, साधारण ३० अंश ऊब, दुसरी बाजू मोकळी म्हणजे नकोसं झालं तर तिला सरकता येईल. पोट दाबू नका, एरंडेल घालू नका. आत कवच फुटलं तर जीवावर बेततं.

बहुतेक दवाखाने कुत्र्यामांजरांचेच असतात. पक्षी बघणारे कोण, रात्री फोन घेतात का, हे आजच विचारून नंबर फ्रिजवर चिकटवा. रोज सकाळी पहिल्या विष्ठेनंतर, खाण्याआधी, १ ग्रॅमपर्यंत दाखवणाऱ्या काट्यावर वजन करा. अंडं येण्याआधी ते वाढतं आणि आल्यावर ५-६ ग्रॅम उतरतं, ते ठीक. त्याखाली घसरत राहिलं तर दाखवा. वर्षात तिसरी खेप झाली तरी दाखवा, हार्मोनचं इंजेक्शन किंवा इम्प्लांट देता येतं.

अंडी शेवटच्या अंड्यापासून २१ दिवस ठेवा. ती स्वतःहून उठून फिरायला लागली की रोज एक उचला, सगळी एकदम नाही.