नुसत्या चहा-क्रीमरोलवर डोकं चालेना, मदत हवी आहे

मंडळी, सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहते, इंजिनिअरिंग सेकंड इयर. सकाळी चहा-क्रीमरोल, दुपारी मेसची पाणीदार आमटी, रात्री मॅगी, आणि आता एकच पान चारदा वाचलं तरी डोक्यात शिरत नाही, उगाच रडू येतं, एक बॅकलॉगपण लागलाय. रक्त तपासलं तर बी१२ आणि हिमोग्लोबिन दोन्ही कमी, गोळ्या चालू आहेत, डॉक्टर म्हणाल्या जेवणावर लगेच चहा नको, लोह नीट शोषलं जात नाही (मी तर चहावरच जगते!). सगळं जेवणामुळेच असं नाही, काऊन्सेलरलापण भेटणारे. पण रूमवर गॅस नाही, फक्त किटली, त्यात शाकाहारी, तर मोडाची मटकी, दाणे-गूळ, दही सोडून अजून काय जमेल? आणि जवळपास ३००० च्या आत घरगुती डबा कोणाला माहितीये का?