टोकियोत घर: निशीकासाईत आपल्या माणसांत, की ऑफिसजवळ एकटीनं?

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी. मी सांगलीची, वय 24. सप्टेंबरच्या शेवटी टोकियोला आले. नाकानोमधल्या एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी आहे. सध्या कंपनीच्या डॉर्मिटरीत राहते, पण ती मार्चअखेर सोडायची आहे.

समोर दोन घरं आहेत. एक निशीकासाईत, म्हणजे टोकियोत जिथं बरेच भारतीय राहतात तिथं; यूआर या सरकारी गृहसंस्थेचं, दोन खोल्यांचं. तिथं नागपूरची एक मुलगी राहते, ती अर्ध्या भाड्यात ये म्हणते. दुसरं मिताकात, एकच खोली, भाडं 74 हजार येन, पण ऑफिस तिथून अगदी जवळ. मिताकाच्या एजंटनं डिपॉझिट, घरमालकाला द्यायचं आणि परत न मिळणारं रेइकिन, हमी देणाऱ्या कंपनीची फी आणि स्वतःची फी मिळवून आकडा सांगितला, तेव्हा डोळे पांढरे झाले. चार-साडेचार महिन्यांचं भाडं सुरुवातीलाच भरायचं.

पण पैसे हा अर्धाच प्रश्न आहे. शुक्रवारी संध्याकाळी ऑफिसातून निघाले की सोमवार सकाळपर्यंत माझं बोलणं होतं ते फक्त कोंबिनीतल्या, म्हणजे कोपऱ्यावरच्या चोवीस तास उघड्या दुकानातल्या काउंटरवर. आईला फोनवर सगळं मस्त चाललंय म्हणून सांगते आणि फोन ठेवला की रडू येतं. आत्या म्हणते, आपल्या माणसांत राहा. ऑफिसातले एक सीनियर म्हणतात, निशीकासाईत गेलीस तर जपानी कधीच येणार नाही. माझी एन4, म्हणजे जपानीची खालून दुसरी परीक्षा झाली आहे आणि मला भाषा खरंच शिकायची आहे. शाकाहारी आहे, अंडं चालतं.

तुम्ही कुठं राहिलात आणि आज काय सांगाल?

निशीकासाईकर

अगं, आधी एक सांगते. दोन महिन्यांत असं वाटणं अगदी साहजिक आहे, त्यात तुझं काही कमी पडत नाही. इथं शेजारी वर्षानुवर्षं नुसती मान लववून जातात. त्यात तुसडेपणा नसतो, पण त्यानं सोबतही मिळत नाही.

मी साताऱ्याची. 2016 पासून निशीकासाईत आहे. आता नवरा आणि मुलगी आहे, पण आले तेव्हा एकटीच होते. इथं भारतीय का जमले हे कळलं तर तुला निवड करायला सोपं जाईल. 1990 च्या दशकाच्या शेवटी वायटूकेच्या, म्हणजे सन 2000 लागताना कॉम्प्युटरमधल्या तारखा चुकू नयेत म्हणून करायच्या कामासाठी इंजिनिअर आले. त्यांची ऑफिसं ओतेमाची, कायाबाचो या भागात, आणि तोझाई ही मेट्रो लाइन निशीकासाईहून थेट तिथं जाते. दुसरं म्हणजे यूआरच्या घरांना जामीनदार लागत नाही. परक्या देशात नव्या माणसाला जामीन कोण राहणार? म्हणून सगळे यूआरमध्ये आले, त्यांच्या मागोमाग किराणा दुकानं आली, शाळा आल्या. पुण्यात शिकलेले योगेंद्र पुराणिक 2019 मध्ये याच एदोगावा वॉर्डाच्या सभेवर निवडून आले. आपलं माणूस तिथं बसलेलं पाहून आम्हा सगळ्यांना फार बरं वाटलं होतं.

यूआरचे नियम अजूनही सोयीचे आहेत. रेइकिन नाही, एजंटची फी नाही, दर दोन वर्षांनी करार नवा करायचे पैसे नाहीत. सुरुवातीला मुख्यतः दोन महिन्यांचं डिपॉझिट भरायचं. मात्र मैत्रिणीकडे नुसती बॅग घेऊन राहायला जाऊ नकोस. नात्यात नसलेल्या दोघांना एकत्र राहायचं असेल तर यूआरची त्यासाठी वेगळी सोय आहे, त्यात दोघींची नावं करारावर येतात. करार तिच्या एकटीच्या नावावर असेल तर आधी यूआरच्या ऑफिसात विचारा. घर बदललं की 14 दिवसांत वॉर्ड ऑफिसात नवा पत्ता नोंदवून रेसिडेन्स कार्डावर लिहून घ्यावा लागतो. त्यामुळे हे आधीच नीट केलेलं बरं.

आता माझं खरं म्हणणं. निशीकासाई की मिताका हा दुसरा प्रश्न आहे. पहिला असा: ऑफिस सोडून अशी कुठली जागा आहे, जिथं तू एका आठवड्यात गेली नाहीस तर कोणी तरी विचारेल, "ती का नाही आली?" अशी एक जागा तयार कर. मंडळाच्या गणपतीला ये, दिवाळीच्या मेळ्याला ये, आम्ही आहोतच. पण वर्षातल्या दोन दिवसांनी एकटेपणा जात नाही. दर आठवड्याचं काही तरी हवं.

माझ्यासाठी ते जपानीचा वर्ग होता. वॉर्डाच्या सभागृहात शनिवारी सकाळी, शिकवणारे सगळे स्वयंसेवक, बहुतेक निवृत्त लोक. फी जवळपास नाहीच. आम्हाला शिकवणाऱ्या बाई सत्तरीच्या पुढच्या. 2019 मध्ये वॉर्डानं पुराच्या धोक्याचा नकाशा घरोघरी वाटला होता. या वॉर्डाचा सुमारे 70 टक्के भाग भरतीच्या पाण्याच्या पातळीखाली आहे, आणि त्या नकाशाच्या मुखपृष्ठावरच "इथं थांबून चालणार नाही" असं छापलं होतं. बाईंनी त्या दिवशी पुस्तक मिटून ठेवलं आणि तो नकाशा टेबलावर पसरला. प्रत्येकाला आपली इमारत बोटानं दाखवायला लावली. कितवा मजला? सगळ्यात जवळची शाळा कुठली? तिचं नाव कांजीत, म्हणजे जपानीतल्या चित्रलिपीत लिही. माझं लिहून झालं तर म्हणाल्या, आता तिथं चालत कशी जाशील ते सांग, उजवीकडे, डावीकडे, पूल. दिशांची सगळी क्रियापदं त्या एका सकाळी पक्की झाली.

त्याच वर्षी 12 ऑक्टोबरला हागिबिस वादळ आलं. वॉर्डाच्या मोठ्या भागाला घर सोडायला सांगितलं. फोन सतत किंचाळत होता, इशाऱ्यातलं निम्मं मला कळत नव्हतं. आणि बाईंचा फोन आला. बाथटबमध्ये पाणी भरलंस का? टॉर्च आहे का? शाळेत आसऱ्याला जाणार की वर घरातच राहणार? आम्ही उंच मजल्यावर होतो, म्हणून घरीच राहिलो. त्या रात्री त्यांनी आणखीही विद्यार्थ्यांना फोन केले होते, हे मला मागाहून कळलं.

असे वर्ग टोकियोत जवळजवळ सगळीकडे आहेत. घर ठरायची वाट बघू नकोस, आत्ता नाकानोतच चौकशी कर. वॉर्ड ऑफिसात विचारलंस तर यादी देतील. आणि निशीकासाईचं घर घेतलंस तर मजला जरूर बघ.

मुसाशिनो

वर्गाचं पटलं, अगदी शंभर टक्के. पण घराचा प्रश्न दुय्यम आहे हे ताईंचं म्हणणं मला मान्य नाही. रोजचा प्रवास माणसाला थकवतो, आणि थकलेला माणूस शनिवारी सकाळी उठून वर्गाला जात नाही.

निशीकासाईहून नाकानो एकाच गाडीत होतं हे खरं, पण सकाळी तुला किबा ते मोन्झेन-नाकाचो या स्टेशनांमधल्या टप्प्यातून जावं लागेल. कोविडच्या आधी देशातली सगळ्यात जास्त गर्दी तिथंच असायची, क्षमतेच्या जवळपास दुप्पट. आता पूर्वीपेक्षा कमी आहे, तरी आठच्या सुमारास आपले पाय जमिनीवर आहेत की नाहीत ते कळत नाही. कंपनी उशिरा यायला परवानगी देत असेल तर गोष्ट वेगळी. ते आधी विचार.

मी मिताकात राहतो. संध्याकाळी इनोकाशिरा बागेत चालायला जातो, तिथं कुत्रा फिरवणारे आजोबा आता नावानं हाक मारतात. माझं जपानी सुधारलं ते त्यांच्यामुळं आणि खालच्या भाजीवाल्यामुळं. डाळ-पीठ संपलं की महिन्याकाठी तोझाई लाइन पकडून निशीकासाई गाठतो, काही गाड्या मिताकाहून थेट जातात. म्हणजे आपली माणसं सुटत नाहीत.

पैशांचं नीट ऐक. इथं रहिवासी कर आदल्या वर्षीच्या मिळकतीवर लागतो आणि जूनपासून पगारातून कापला जातो. तू सप्टेंबरात आलीस, म्हणजे येत्या जूनला लागलाच तर किरकोळ लागेल. त्याच्या पुढच्या जूनपासून करपात्र मिळकतीच्या साधारण 10 टक्के. आज हातात पडणारा पगार बघून 74 हजारांचं घर ठरवू नकोस, दीड वर्षानंतरचा पगार बघ. मिताकाच घ्यायचं असेल तर रेइकिन नसलेलीच घरं दाखवा असं एजंटला स्पष्ट सांग. आणि जानेवारीतच शोध. एप्रिलला सगळ्यांच्या नोकऱ्या आणि कॉलेजं सुरू होतात, त्यामुळे मार्चमध्ये चांगलं घरही मिळत नाही आणि कोणी भाव कमी करायलाही तयार नसतं.

चिबाचे_शेंगदाणे

घराचं या दोघांनी सांगितलंच आहे, मी जेवणाचं बोलते. पोट नीट भरलं नाही की एकटेपणा दुप्पट होतो, हे माझं ठाम मत आहे.

बाहेर खाताना दाशीकडे, म्हणजे जपानी पदार्थांत मुरलेल्या रश्शाकडे लक्ष ठेव. उदोन, सोबा या नूडल्स आणि मिसो सूप यांत भाज्याच दिसतात, पण पाणी बहुतेक वेळा वाळवलेल्या माशाचं असतं. काही बटाट्याच्या वेफर्समध्येही माशाचा अर्क असतो. कोंबिनीत उमेबोशीचा (खारवलेल्या आंबट फळाचा) ओनिगिरी, म्हणजे भाताचा गोळा, त्यातल्या त्यात बरा, तरी पाकिटामागचं वाचायची सवय लाव.

घरी मात्र चंगळ आहे. इथला तांदूळ इंद्रायणीसारखा चिकट, मऊ होतो, त्यावर वरण, तूप, लिंबू. बासमती शोधत बसू नकोस. पांढरा मुळा मोठा आणि गोडसर असतो, किसून दही घाल आणि वर फोडणी दे. लाल भोपळ्याचं भरीत आणि घाऱ्या होतात. उन्हाळ्यात कारली आणि भेंडी मिळतात, भेंडीचं पाकीट एवढंसं असतं, दोन-तीन घ्यावी लागतात. उपासाला रताळी आहेतच. शेंगदाणे शेजारच्या चिबा प्रांतातले घे, देशातले बहुतेक तिथंच पिकतात. किंमत जास्त, पण कूट असं होतं की खमंग काकडीला घरची चव येते.

आणि रविवारी थोडं जास्त करून ऑफिसात डबा ने. माझी पहिली मैत्रीण "हे पिवळं काय आहे?" असं विचारत शेजारी बसली होती. ते पोहे होते.

एक राहिलं. भूकंपानंतर गॅस पेटला नाही तर घाबरू नकोस, मोठा धक्का बसला की मीटर आपोआप बंद होतो. वास येत नसेल तर गॅसची सगळी बटणं बंद कर, दाराबाहेरच्या मीटरवरचं रीसेटचं बटण दाब आणि तीन मिनिटं थांब. वास आला तर विजेच्या कुठल्याही बटणाला हात न लावता खिडकी उघड आणि बाहेर पड.

कृष्णाकाठ

तुम्हा सगळ्यांचे किती आभार मानू. काल नागपूरच्या मुलीशी सविस्तर बोलले. घर सातव्या मजल्यावर आहे, पण करार तिच्या एकटीच्या नावावर आहे. ऑफिसात विचारलं, दहाला आलीस तरी चालेल म्हणाले, म्हणजे सकाळची गर्दी टळेल. दादा, कराचं मला कोणीच सांगितलं नव्हतं, त्यामुळे 74 हजारांचं घर आता बाजूला ठेवलं आहे. नाकानोत गुरुवारी संध्याकाळी जपानीचा वर्ग आहे, नाव दिलं. निशीकासाईकर ताई, यूआरच्या ऑफिसात जाताना काय काय न्यावं लागेल?

निशीकासाईकर

दोघींनी मिळूनच जा. तू रेसिडेन्स कार्ड, जुमिन्ह्यो (वॉर्ड ऑफिसात मिळणारा रहिवासाचा दाखला) आणि पगाराचा दाखला ने. उत्पन्नाची अट असते, कमी भाड्याच्या घरांना पगार साधारण भाड्याच्या चौपट लागतो. तुझं वर्ष पूर्ण झालेलं नाही, म्हणून दाखल्यावर महिन्याचा पगार आणि रुजू झाल्याची तारीख कंपनीकडून स्पष्ट लिहून घे. शनिवारी जाणार असाल तर मला मेसेज कर, मी येते बरोबर.