मदत हवी आहे: चमत्कारी औषधामागची कंपनी

२०१२च्या 'द अमेझिंग स्पायडर-मॅन'मधला इरफान खानचा डॉ. राठा आठवतोय? ऑस्कॉर्प कंपनीचा मालक नॉर्मन ऑस्बॉर्न मरणाच्या दारात, म्हणून राठा तिथले शास्त्रज्ञ डॉ. कॉनर्स यांच्या मागे लागतो की तुटलेला अवयव पुन्हा उगवणाऱ्या औषधाची माणसांवर चाचणी ताबडतोब सुरू करा. ते नाही म्हणतात, तर हा फ्लूची लस सांगून ते औषध माजी सैनिकांनाच टोचायला निघतो! मला ते औषध स्वतःवर वापरून सरडा झालेल्या कॉनर्सपेक्षा हाच भयंकर वाटला. पण पुलावरच्या प्रसंगानंतर तो सिनेमातून गायबच. कंपनीच्या हेतूंचा धागा तिथेच सुटतो, ही मोठी चुटपुट.

याच विषयावर लेख लिहितेय. एक्स-मेन कॉमिक्समधली, जन्मजात शक्ती असलेल्या म्युटंट लोकांवर 'इलाज' शोधणारी डॉ. कविता राव वाचून झाली. औषधाचं पेटंट, किंमत, नफा यांत खोल शिरणारी सुपरहिरो कथा कुणाला माहीत आहे का? कॉमिक्स असेल तर अंक क्रमांकही सांगा, प्लीज.