जुनं वायरिंग पूर्ण बदलावं की एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) बसवून भागेल?

ओसरी: घर 40 वर्षांचं. वायरी भिंतीतल्या पाइपातून, मेनला पोर्सिलीनचे किटकॅट फ्यूज. गीझर लावला की त्याच खोलीतला दिवा मंदावतो, गीझरचं सॉकेट पिवळं पडलंय. सॉकेट तीन पिनांची, मागे वायरी दोनच. भिंती फोडण्याआधी काय तपासू?

मेगर५००: वय सोडा, इन्सुलेशन बघा. मेन बंद करून, वीज नसल्याची खात्री करून, छतावरच्या दिव्याचा पॉइंट उघडा. तिथे वायर सगळ्यात जास्त तापते, म्हणून आधी तिथेच खराब होते. वर सुती वीण, आत रबर आणि वाकवताच भुगा पडला, तर पुढची चाचणी नको, बदलाच.

पीव्हीसी असेल आणि अजून लवचिक असेल तर इलेक्ट्रिशियनकडून मेगर (इन्सुलेशन तपासायचं मीटर) लावून घ्या. बल्ब, पंख्याचे रेग्युलेटर, प्लगला लावलेलं सगळं काढायचं, स्विच चालू ठेवायचे, मेनकडून फेज आणि न्यूट्रल दोन्ही सोडवून एकत्र जोडायचे आणि अर्थच्या (जमिनीशी जोडलेल्या सुरक्षेच्या तारेच्या) तुलनेत 500 व्होल्ट डीसीवर रीडिंग घ्यायचं. 1 मेगओहमपेक्षा कमी आलं तर सर्किट नापास. पण एकाच सर्किटचं कमी असेल तर आधी ओल शोधा. भिंत सुकल्यावर तेच रीडिंग कितीतरी वर जातं. साधा मल्टीमीटर इथे चालत नाही, त्याच्या जेमतेम काही व्होल्टना खराब इन्सुलेशनही चांगलं दिसतं.

तांबं_की_अॅल्युमिनियम: दिवा मंदावतो म्हणजे गीझर आणि दिवा एकाच वायरीवर आहेत, आणि ती बारीक आहे किंवा कुठला तरी जोड सैल आहे. 2 किलोवॉट म्हणजे साधारण 8.7 अँपिअर. 2.5 चौरस मिमी तांब्याची वायर 20 मीटर असेल तर व्होल्टेज अडीच-तीन व्होल्टच उतरायला हवं. 10-12 उतरत असेल तर गडबड आहे. जुन्या घरांत 3/22 (22 गेजच्या तीन तारांची वायर) सर्रास सापडते, म्हणजे जेमतेम 1.2 चौरस मिमी.

तार पांढरट दिसली तर बहुधा अॅल्युमिनियम. ती स्क्रूखाली दबत जाते, वर ऑक्साइड चढतो, जोड तापतो. पिवळं सॉकेट बहुधा त्यामुळेच. नुसतं सॉकेट बदललं तर नवंही तसंच होईल. काळवंडलेली तार चकचकीत तांबं लागेपर्यंत कापा. अॅल्युमिनियम असेल तर ती वायर पूर्णच बदला.

ओसरी: तांबंच निघालं, 3/22. इन्सुलेशन मऊ आहे, मेगरला सगळी सर्किटं 20 मेगओहमच्या वर. मग राहू देऊ?

अर्थपिन: दिव्यांपुरती राहू द्या, 6 अँपिअरच्या एमसीबीवर. सॉकेटांना नाही, कारण तिथे अर्थ नाही. 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट बाहेर गळला की वीज तोडणारा स्विच) जरूर बसवा, पण अर्थ नसेल तर गीझरच्या अंगात वीज उतरली तरी तो गप्प राहतो आणि कुणी हात लावल्यावरच पडतो. काही जण सॉकेटमध्येच न्यूट्रल आणि अर्थपिन जोडून देतात. न्यूट्रल तुटला की गीझरच्या अंगावर थेट 230 व्होल्ट. हे कुणी सुचवलं तर त्याला कामच देऊ नका.

भिंत फोडायची गरज कदाचित नाही. जुनी वायर एका टोकाने ओढून बघा. सरकली तर तिलाच बांधून 2.5 चौरस मिमीचा फेज, न्यूट्रल आणि हिरवी अर्थ आत घ्या. अडकली तर लोखंडी पाइप गंजलाय, जोर लावू नका, नवी वायर सोलली जाते. तेवढ्या भागाला भिंतीवरून केसिंग पट्टी.

आणि सर्किटं वेगळी करताना न्यूट्रलही वेगळे ओढा. दोन सर्किटांना एकच न्यूट्रल राहिला तर दोन्हींचा करंट त्यातूनच परततो, तो तापला तरी एकही एमसीबी पडत नाही.