मदत हवी आहे : भाचीच्या जुन्या पोस्ट आणि अमेरिकेचा व्हिसा

नमस्कार मंडळी, घणसोलीहून लिहितेय. भाचीला बोस्टनला एमएसला प्रवेश मिळालाय. व्हिसाच्या डीएस-१६० फॉर्ममध्ये गेल्या ५ वर्षांची सोशल मीडिया खाती विचारतात, शिवाय जून २०२५ पासून विद्यार्थ्यांना ती पब्लिक ठेवायला सांगतात. तिच्या इन्स्टावर गाझाच्या ३-४ पोस्ट आहेत, एकीत हातात पुठ्ठ्याचा फलक. वाशीचा एजंट म्हणतो, सगळं उडवा. मला पटत नाही, लपवाछपवी वाटली तर? पण तिथल्या टफ्ट्स विद्यापीठातल्या रुमेसा ओझतुर्क या तुर्की विद्यार्थिनीला विद्यार्थ्यांच्या पेपरातल्या गाझावरच्या लेखानंतर मार्च २०२५ मध्ये रस्त्यातूनच उचललं, सहा आठवडे कोठडी. परक्याने बोलूच नये असं असेल तर आधी सांगा की! ताईची झोप उडालीये. कुणाच्या मुलांनी अशा पोस्ट तशाच ठेवून मुलाखत दिलीये का? इमिग्रेशनचा जाणता वकील सुचवा. एजंट नको.